समाजाला एकच तोंड नसतं

कंजारभाट जमातीत नव्या नवरीची जी कौमार्यचाचणी होते तिचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच तऱ्हेची माणसं बोलायला उभी राहतात. एक म्हणतो, ‘ती त्यांची संस्कृती आहे, आपली मोजपट्टी त्यांना लावणारे आपण कोण?’ दुसरा म्हणतो, ‘असल्या रूढी दांडक्यानेच मोडाव्या लागतात,’ आणि मग चार्ल्स नेपियरची गोष्ट सांगतो. सिंधमधले काही ब्राह्मण या इंग्रज सेनापतीला म्हणाले की सती हा आमचा रिवाज आहे. त्यावर नेपियरने ऐकवलं, तुम्ही तुमचा रिवाज पाळा, बाई जाळणाऱ्याला फासावर लटकवणं हा आमचा रिवाज आहे, तो आम्ही पाळू. टाळ्या पडतात. ही गोष्ट नेपियरच्या सख्ख्या भावाने लिहून ठेवलेली आहे आणि ज्याच्या तोंडी ती आहे त्याने १८४३ साली सिंध तलवारीच्या जोरावर घशात घातला होता, हे टाळ्या वाजवताना कुणाच्या ध्यानात येत नाही. ‘आपण कोण’ म्हणणाऱ्याच्याही ध्यानात एक गोष्ट येत नाही. ज्यांच्या वतीने तो इतक्या नम्रतेने बोलतो, त्यांच्यातल्याच काही पोरांनी या चाचणीविरुद्ध आवाज उठवून मार खाल्ला आहे.

माझं म्हणणं असं की हे दोघं एकच चूक करतात. ‘समाज’ नावाचा कुणी एक माणूस आहे, त्याला एक तोंड आहे, एक मत आहे, असं दोघंही धरून चालतात. मग एकजण त्याच्यापुढे हात जोडतो, दुसरा त्याच्यावर हात उगारतो. मानववंशशास्त्राने गेल्या सव्वाशे वर्षांत गावोगावी, बेटोबेटी जाऊन काही शिकवलं असेल तर ते हेच की असा माणूस कुठेच भेटत नाही. पंच भेटतात, सासवा भेटतात, पळून गेलेल्या मुली भेटतात, दंड भरून परत आलेले बाप भेटतात. त्या प्रत्येकाला विचारलं तर ‘आमच्यात असं असतं’ या वाक्याचा अर्थ वेगवेगळा निघतो. सांस्कृतिक सापेक्षतावाद, म्हणजे प्रत्येक रीत तिच्याच समाजाच्या संदर्भात समजून घ्यायची ही भूमिका, हा या सगळ्यांचं ऐकून घेण्याचा मार्ग आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. पण ऐकून घेणं म्हणजे निवाडा देणं नव्हे. एखादी रूढी कुठून आली, तिच्यामागे कोणती भीती आहे, तिने कुणाचं पोट भरतं, हे समजून घेतल्यावरही ती चुकीची आहे असं म्हणायला आपण मोकळे असतो. माझ्या मते तेव्हाच खऱ्या अर्थाने मोकळे असतो.

तपशिलाने बोलू, कारण या चर्चेत सगळ्यात आधी गळतो तो तपशील. कंजारभाट समाजात लग्नानंतर जोडप्याला एका खोलीत पाठवलं जातं, बरेचदा लॉजवरच्या. जखम करून रक्त काढता येऊ नये म्हणून नवरीच्या बांगड्या, दागिने, टोचण्यासारखं जे काही असेल ते काढून घेतात. पलंगावर पांढरी चादर असते. बाहेर नातेवाईक थांबलेले असतात. नंतर पंचांसमोर नवऱ्याला विचारतात, माल खरा की खोटा? उत्तर ‘खोटा’ आलं तर मुलीला मारहाण होते, तिच्या माणसांना दंड होतो, कधी लग्नच मोडतं. २०१७ च्या अखेरीस याच समाजातल्या काही शिकलेल्या मुलामुलींनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ (‘व्ही’ म्हणजे व्हर्जिनिटी, कौमार्य) नावाचा गट काढला. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीत एका लग्नात त्यांच्यातल्या तिघांना मारहाण झाली. त्याच सुमारास या मोहिमेच्या विरोधात समाजातल्या बायकाही पुण्यात रस्त्यावर उतरल्या. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये ही चाचणी लैंगिक अत्याचार मानली जाईल अशी घोषणा राज्य सरकारने केली.

यातली ‘त्यांची संस्कृती’ नेमकी कोणती? चादर अंथरणाऱ्यांची, की गट काढणाऱ्यांची? ती पोरं त्याच वस्त्यांत वाढली, तीच बोली बोलतात, त्याच मांडवात जेवली आहेत. पंच खरे कंजारभाट आणि ही पोरं बाटलेली, हे बाहेरून आलेल्या माणसाने कोणत्या अधिकाराने ठरवायचं? ‘मी तुमच्या संस्कृतीत ढवळाढवळ करत नाही’ असं म्हणणारा भला माणूस त्या भांडणात एका बाजूला आधीच जाऊन बसलेला असतो. त्याने संस्कृतीचा मान राखला असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याने खुर्चीचा मान राखलेला असतो.

तरी समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मी सोडून पुढे जाणार नाही, कारण तो याच समाजाच्या अंगावर चरचरीत डाग देऊन लिहिला गेला आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या कायद्याचं तत्त्व काय होतं? काही जमातींत गुन्हा हाच पिढीजात धंदा असतो, जसा सुताराचा मुलगा सुतार होतो तसा त्यांचा मुलगा चोर होतो, म्हणून गुन्हा घडायची वाट न पाहता अख्ख्या जमातीची नोंद करायची. १९११ च्या सुधारणेनंतर तो कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, तारेच्या कुंपणात राहायचं. सोलापूरची ‘सेटलमेंट’ आजही जुन्या माणसांच्या तोंडी त्याच नावाने आहे. कंजारभाटही त्या यादीत होते. देश १९४७ ला स्वतंत्र झाला आणि हे लोक ३१ ऑगस्ट १९५२ ला, तो कायदा रद्द झाला तेव्हा. म्हणून ते स्वतःला ‘विमुक्त’ म्हणवतात आणि तो दिवस पाळतात. ही सारी व्यवस्था कुणी केली? आपली नीती हीच सगळ्या माणसांची नीती, असं छातीठोकपणे मानणाऱ्यांनी. फिरस्त्या माणसाचं जगणं त्यांना कळलं नाही. न कळलेल्याला त्यांनी गुन्हा म्हटलं आणि गुन्ह्याला रक्त म्हटलं.

ज्या समाजाने हे भोगलं, त्याला बाहेरच्या माणसाचं नैतिक बोट दिसलं की त्यामागे पोलिसाची काठी दिसणार. पोलीस, कोर्ट, सरकार यांच्यावर विश्वास ठेवायला जागाच नव्हती तेव्हा भांडणं मिटवायला, लग्नं जुळवायला, अडल्यानडल्याला पैसा उभा करायला जातपंचायतच होती. पंचांचा दरारा कुठून आला हे समजून घ्यायचं तर त्या कुंपणापर्यंत मागे जावं लागतं. आजही एखाद्या वस्तीत चोरी झाली की पहिली धाड कुठे पडते, हे कुणाही पारधी किंवा कंजारभाट माणसाला विचारा. तेव्हा ‘निवाडा द्यायची घाई करू नका’ हा सापेक्षतावाद्याचा इशारा मला पोकळ वाटत नाही. त्याच्यामागे माणसांचं रक्त सांडलेलं आहे.

मानववंशशास्त्रात तो इशारा आला तोही अशाच वातावरणात. फ्रान्झ बोआस १८८३-८४ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडच्या बॅफिन बेटावर इनुइट लोकांत राहिला. भुकेच्या दिवसांत शिकार वाटून खाणारी ती माणसं पाहून त्याने घरी लिहिलं होतं की आपला ‘सुसंस्कृत’ समाज यांच्यापेक्षा वरचढ कशात आहे, हा प्रश्न मला वारंवार पडतो. त्या काळी युरोप-अमेरिकेतल्या विद्वानांनी मानवजातीची शिडी उभी करून स्वतःला वरच्या पायरीवर बसवलं होतं. बोआसने आणि त्याच्या शिष्यांनी, त्यात रूथ बेनेडिक्ट होत्या, मार्गारेट मीड होत्या, ती शिडी खिळखिळी केली. आपल्या इरावतीबाई कर्व्यांचं उदाहरण तर अधिक जवळचं. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला ऑयगेन फिशरकडे शिकत होत्या. वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कार करणारा हा गुरू आणि त्याने दिलेलं काम कवट्या मोजण्याचं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि त्यांतून गोऱ्यांचं श्रेष्ठत्व काही निघत नाही असं गुरूच्या तोंडावर लिहिलं. परक्या देशात एकट्या राहणाऱ्या पंचविशीच्या आतल्या मुलीने हे करायला काय धीर लागला असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

या परंपरेबद्दल आदर बाळगूनच सांगतो की ती एका जागी घसरली. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं काम चालू असताना अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेने एक निवेदन दिलं. मेल्विल हर्स्कोविट्स यांनी ते लिहिलं होतं. वसाहतवाद्यांचा अहंकार त्यांना ठेचायचा होता आणि तो हेतू चांगलाच होता. पण त्यात असं सुचवलं गेलं की समाज ज्याला स्वातंत्र्य म्हणतो त्याप्रमाणे जगता येणं म्हणजेच माणसाचं स्वातंत्र्य. म्हणजे कोणत्या समाजाने म्हटलेलं? त्या समाजातल्या कुणी? हिटलरच्या जर्मनीचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हा दारातच उभा होता. निवेदनाने त्यातून वाट काढायचा प्रयत्न केला आणि संघटनेतल्याच लोकांनी दाखवून दिलं की ती वाट ठेवली तर उरलेलं निवेदन उभं राहत नाही. त्याच संघटनेला १९९९ मध्ये मानवी हक्कांच्या बाजूने नवं निवेदन काढावं लागलं. मधल्या पन्नास वर्षांत अभ्यासकांना जे जागोजागी दिसलं त्याचा हा परिणाम होता. ज्या गावात जावं तिथे, त्या गावाच्या रीतीशी भांडणारी माणसं भेटत होती.

प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितलेली दरायसची गोष्ट या वादात नेहमी येते. इराणच्या या सम्राटाने ग्रीकांना बोलावून विचारलं, किती पैसे दिले तर तुम्ही बापाचं प्रेत खाल? ते म्हणाले, कितीही दिले तरी नाही. मग त्याने कल्लाती नावाच्या भारतातल्या लोकांना बोलावलं. ते मेलेल्या बापाचं मांस खात, असं हिरोडोटस म्हणतो. त्यांना विचारलं, किती घेतलं तर बाप जाळाल? त्यांनी कानांवर हात ठेवले. हिरोडोटसने यातून काढलं की रीत ही सगळ्यांची राजा आहे. ग्रीकांना काय किंवा कल्लातींना काय, बापाच्या देहाची विटंबना नको होती, म्हणजे भेद रीतीत आहे, मूल्यात नाही, हे उत्तर बऱ्याच जणांनी दिलं आहे आणि ते बरोबरही आहे. मला मात्र त्या दरबाराकडे बघून वेगळंच काही वाटतं. प्रश्न विचारणारा सम्राट आहे. दरबारात बोलावलेले लोक, बहुधा सगळे पुरुष, ‘आम्ही’ म्हणून बोलताहेत. कल्लातींमधल्या एखाद्या विधवेला, एखाद्या धाकट्या मुलाला तिथे कुणी बोलावलं होतं? सत्तेसमोर उभं राहून आपल्या समाजाबद्दल बोलायची वेळ आली की माणूस एकसुरी बोलतो. घराची भांडणं तो घरी ठेवून येतो. अडीच हजार वर्षं आपण त्या दरबारातल्या उत्तरांवर तत्त्वज्ञान रचत आलो आहोत.

आता ‘त्यांची’ आणि ‘आपली’ या शब्दांकडे येतो. २४ जानेवारी १९७९ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक भारतीय शिक्षिका उतरली. वय पस्तीस. लग्नासाठी आली होती. कायद्याने वाग्दत्त वधूला व्हिसाची गरज नव्हती. ती खरोखर वधूच आहे, आधी लग्न झालेली बाई नाही, हे ताडून पाहायला तिथल्या अधिकाऱ्यांनी तिची कौमार्यचाचणी केली. पुरुष डॉक्टरकडून. हे वर्तमानपत्रात छापून आलं आणि गदारोळ झाल्यावर बंद झालं. अशाच तपासण्या दिल्ली आणि मुंबईतल्या ब्रिटिश कचेऱ्यांमधूनही झाल्याचं नंतर बाहेर आलं. हा कोणत्या जमातीचा रिवाज? आणि फार लांब कशाला जायचं? बलात्कार झालेल्या बाईची ‘दोन बोटांची चाचणी’ आपल्या सरकारी रुग्णालयांत पिढ्यानपिढ्या चालली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तिला बाईच्या खासगीपणावरचा घाला म्हटलं आणि २०२२ मध्ये पुन्हा सांगावं लागलं की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल. कौमार्याच्या खुणा हा धडा आपल्या वैद्यकीय पुस्तकांत होता. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी या चाचण्यांना शास्त्राचा आधार नाही हे वर्षानुवर्षं लावून धरलं, तेव्हा २०१९ मध्ये आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो अभ्यासक्रमातून काढला. चादर आणि हातमोजा यांच्यात फरक आहे तो कपड्याच्या रंगाइतका. बाईच्या देहाचा दाखला दुसऱ्याने द्यायचा, हा विचार लॉजवर आहे, विमानतळावर होता, रुग्णालयात होता. मग एका छोट्या, आधीच बदनाम केलेल्या जमातीकडे बोट दाखवून ‘रानटी’ म्हणणारा माणूस कशाच्या जोरावर बोलतो? आणि ‘ती त्यांची संस्कृती’ म्हणणारा तरी कशाच्या जोरावर? वेगळेपणाचा जो पाया दोघांनी धरला आहे तोच ठिसूळ आहे.

परंपरा म्हणून जे समोर ठेवलं जातं ते किती वेळा उसनं असतं, याचं रखमाबाईंच्या खटल्याइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं सापडत नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुंबईच्या मुलीने मोठेपणी नवऱ्याकडे, दादाजी भिकाजीकडे, नांदायला जायला नकार दिला. १८८४ मध्ये तो कोर्टात गेला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी तिला सांगितलं की महिनाभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. हिंदू धर्म, हिंदू कुटुंब, हिंदू रीत बुडाली म्हणून सनातनी मंडळींनी गहजब केला. ‘केसरी’ही तिच्या विरोधात होता. पण ज्या हक्काखाली दादाजीने दावा लावला तो दाम्पत्य हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नव्हताच. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आला होता. पिन्हींच्या निकालातला कळीचा मुद्दा तोच होता. बायकोला तुरुंगाच्या धाकाने नांदायला लावण्याची ही तरतूद इंग्रजी, ती चालवणारं कोर्ट इंग्रजी आणि तिच्या रक्षणासाठी उभी राहिली आमची परंपरा!

रखमाबाईंच्या सुतार जातीची खरी रीत काय सांगत होती, ते तर बाजूलाच पडलं. त्यांच्या विधवा आईने, जयंतीबाईंनी, डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं होतं आणि जातीने ते मानलं होतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत विधवेच्या पुनर्लग्नाचा पाट होता, मोहतूर होता, पंचांसमोर काडी मोडून नवरा-बायको वेगळे होत होते. त्या सगळ्यांवर ‘हिंदू रीत’ म्हणून जी चादर ओढली गेली ती वरच्या जातींची, पोथीतली आणि इंग्रज न्यायाधीशाने शिक्का मारलेली. इथे मला मानववंशशास्त्राची खरी ताकद दिसते. कोणत्या गावात, कोणत्या जातीत, प्रत्यक्ष काय चालतं हे पाहणाऱ्याला रखमाबाई परंपरेबाहेर गेलेल्या दिसल्या नसत्या. त्यांच्या आईच्या वाटेवर चार पावलं पुढे गेलेल्या दिसल्या असत्या. तो चर्चचा हक्क, सांगायला वाईट वाटतं, आजही हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात बसून आहे.

टिळकांच्या बाजूचं एक मात्र मान्य करायला हवं. मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय ठरवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध करताना ते म्हणत होते की परक्या सरकारला आमच्या घरात शिरायचा अधिकार नाही, सुधारणा आमची आम्ही करू. वरवरचं कारण म्हणून हे झटकून टाकता येत नाही. केनियाच्या मेरू भागात १९५६ मध्ये मुलींच्या जननांगछेदावर बंदी आली. ती स्थानिक वडीलधाऱ्यांच्या सभेने घातली खरी, पण मागे इंग्रज अधिकारी होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलींनी काय केलं? एकमेकींवर स्वतःच्या हातांनी पाती चालवली. पुढच्या तीन वर्षांत दोन हजारांहून जास्त लोकांवर खटले भरले गेले. बाहेरच्याने हात घातला की जखमेचाही झेंडा होतो. त्याउलट सेनेगलमधल्या मालिकुंडा बंबारा या गावच्या बायका आधी एकत्र बसून वाचायला शिकल्या, आरोग्याबद्दल शिकल्या आणि ३१ जुलै १९९७ रोजी त्यांनी ही चाल सोडल्याचं स्वतः जाहीर केलं. नंतर त्याच भागातले लोक गावोगाव हिंडले, कारण जिथे मुली द्यायच्या-घ्यायच्या त्या गावांनीही सोडल्याशिवाय एकट्या गावाला सोडून चालत नव्हतं.

पण टिळकांच्या वाक्यातला ‘आम्ही’ पुन्हा तपासा. ज्या बंगाली मुलीच्या मृत्यूने या कायद्याच्या मागणीला जोर आला ती फुलमणी दासी दहा-अकरा वर्षांची होती. नवऱ्याच्या बळजोरीने ती मेली. तेव्हा संमतिवय दहा होतं आणि नव्या कायद्याने ते बारा करायचं होतं, एवढाच वाद. ‘आमचं आम्ही पाहू’ म्हणणाऱ्यांत फुलमणी होती का? रा. गो. भांडारकर शास्त्रांचे दाखले काढून कायद्याच्या बाजूने बोलत होते, ते ‘आम्ही’ नव्हते का? रानडे नव्हते? इंग्रजी शिकले म्हणून त्यांचं आपलेपण संपलं म्हणावं, तर टिळकही इंग्रजीच शिकले होते.

हाच आक्षेप आज वेगळ्या शब्दांत येतो. विरोध करणारी पोरं शहरात शिकली, मोबाइलवर वाचून बिघडली, मानवी हक्क ही पाश्चात्त्यांची भाषा. विचार कुठून आला यावरून तो कुणाचा हे ठरत असेल तर मिरची, बटाटा आणि छापखाना आपले कसे झाले? आणि हक्कांची भाषा तरी एकट्या पाश्चात्त्यांनी कुठे लिहिली? १९४८ च्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल असे इंग्रजी शब्द होते. ते बदलून ‘सर्व माणसं’ असे करून घेतले भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. आणखी मागे जा. चौदाव्या शतकात चोखोबांच्या सोयराबाई विचारत होत्या की देहाचा विटाळ देहातच जन्मतो, मग सोवळा राहिला कोण? त्यांनी कोणत्या परदेशी विद्यापीठात शिक्षण घेतलं होतं? जिथे माणूस दुखावतो तिथे प्रश्न उगवतो. त्याला बी बाहेरून आणावं लागत नाही, फार तर पाणी मिळतं.

बायकाच मोर्चा काढून ‘आम्हाला ही चाचणी हवी’ म्हणतात, त्याचं काय? हा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो आणि ‘त्यांना कळत नाही’ असं म्हणून मी तो संपवणार नाही. त्यांना पुष्कळ कळतं. आपल्या वस्तीची पुन्हा एकदा देशभर बेअब्रू होते आहे हे त्यांना कळतं. लेकीचं लग्न त्याच जातीत व्हायचं आहे, पंच उलटले तर दारात कुणी येणार नाही, मयताला खांदा मिळणार नाही, हेही कळतं. म्हणून मी त्या मोर्चाकडे पाहताना एकच विचारतो की त्यांतल्या एखादीला ‘नको’ म्हणायचं असतं तर ती उद्या कुठे राहिली असती? ‘नको’ म्हणायची किंमत वाळीत पडणं असेल तर ‘हो’ या शब्दावरून संमती मोजता येत नाही. सगळी गाठ इथे आहे.

म्हणून चाचणीपेक्षाही बहिष्काराविरुद्धचा कायदा मला मुळावर घाव घालणारा वाटतो. २०१३ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘जातपंचायतीला मूठमाती’ अभियान सुरू केलं. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, तरी काम थांबलं नाही. २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला आणि २०१७ च्या जुलैपासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. तुम्ही देव कोणता पुजावा, लग्नात काय गावं, मेलेल्याला पुरावं की जाळावं, यात हा कायदा पडत नाही. माणसाला त्याच्याच माणसांत राहून वेगळं मत ठेवता यावं, एवढंच तो मागतो. असा प्रयत्न मुंबई राज्याने १९४९ मध्येही केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण आपला कारभार आपण पाहणं हा संप्रदायाचा हक्क आहे. संप्रदायाचा म्हणजे कुणाचा? निकाल वाचला तर बहिष्कार घालण्याचा हक्क धर्मगुरूंच्या हाती जातो आणि बहिष्कृत झालेला बोहरा, तोही त्याच संप्रदायाचा असून, हिशेबात राहत नाही. सरन्यायाधीश सिन्हा यांनी तेव्हा वेगळं मत नोंदवलं होतं. ते आज अधिक लोकांनी वाचायला हवं.

सगळ्याच रीतींना अशी झडती द्यायला लावावी, असं मी म्हणत नाही. कातकरी उंदीर खातात, पारशी देह गिधाडांना देत आले, कुणाकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं आणि कुणाकडे ते पाप. या ठिकाणी सापेक्षतावादाचं राज्य पूर्ण असावं. इथे जे अंगावर येतं ती आपली किळस असते आणि किळस म्हणजे नीती नव्हे. या दोहोंची गल्लत करणाऱ्यांनीच गुन्हेगार जमातींच्या याद्या केल्या होत्या. पण रीत कुणाच्या तरी अंगावर उमटते आणि त्या अंगाचा मालक ‘नको’ म्हणू शकत नाही, तिथे ‘त्यांचं ते पाहतील’ म्हणणं मला जमत नाही. यातला निवाडा सोपा असतो असंही नाही. इरावतीबाई वारीत चालल्या, तिच्यात मनापासून रमल्या आणि एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवतात याचं दुःख त्यांनी तितक्याच मनापासून लिहिलं. वारी समजून घ्यायची म्हणून त्यांनी ती पंगत सोडून दिली नाही आणि पंगतीच्या रागाने वारीही टाकली नाही.

रखमाबाईंचा खटला १८८८ मध्ये मिटला. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि दावा सोडला. त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या, परत आल्या, सुरतेत आणि नंतर राजकोटला त्यांनी बायकांच्या रुग्णालयांत आयुष्य काढलं. १९०४ मध्ये दादाजी वारला. ज्याच्या घरी जाण्यापेक्षा तुरुंग बरा म्हटलं, त्याच्यामागे त्या विधवेचं पांढरं लुगडं नेसू लागल्या. तसं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि करू नका असंही त्यांना कुणी सांगू शकलं नसतं. निवृत्त झाल्यावर १९२९ मध्ये त्यांनी पडद्याची चाल बंद व्हावी म्हणून एक पुस्तिका लिहिली. तेव्हा त्या पासष्टीच्या घरात होत्या.